कागदाची खालची कड

माझ्या भावजयीनं लिहिलेल्या साडेतीन ओळी मी कापल्या. कात्री न लावता, अंगठ्यानं. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागून सांगू म्हटलं की माझं राहून जातं. आजवर तसंच राहत आलं.

श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात मी टाइम ऑफिसला आहे. कामगारांची हजेरी, रजा, पाळ्या बघायच्या. बोलायचं काम कमी, म्हणून मला ते मानवलं. धाकटा भाऊ त्याच कारखान्यात पॅनमन. उसाच्या रसाचा पाक झाला की तो मोठ्या बंद भांड्यात शिजवायचा आणि त्यातून साखरेचा दाणा पाडायचा, हे त्याचं काम. त्या भांड्याला पॅन म्हणतात. काचेच्या पट्टीवर थेंबभर माल घेऊन, उजेडाकडं धरून तो बघायचा आणि म्हणायचा, "अजून न्हाई." आमचे वडील तिसगावच्या बाजूनं ऊस तोडायला इकडं येत. पोरांच्या हातात कोयता येऊ नये एवढीच त्यांची जिद्द होती. ती पुरी झाली. एकाच्या हातात पेन आलं, दुसऱ्याच्या हातात काचपट्टी.

आमच्या जिल्ह्यातले पॅनमन, फिटर, केमिस्ट आफ्रिकेतल्या साखर कारखान्यांत जातात, याचं आता कोणाला नवल वाटत नाही. कोणी युगांडात, कोणी इथिओपियात. धाकटा सुदानला गेला. इथं बिनपगारी रजा टाकली. अर्ज मीच लिहून दिला, मंजूर होईल असा.

तो गेला आणि त्याच्या जागी खालचा एक वर सरकला, त्याच्या जागी दुसरा, आणि सगळ्यात खाली जी हेल्परची जागा रिकामी झाली तिथं माझा मुलगा हंगामी म्हणून लागला. बी.कॉम. होऊन घरी बसलेला. धाकटा परत आला की हीच रांग उलटी सरकणार आणि माझा मुलगा पुन्हा ओट्यावर येऊन बसणार, हे टाइम ऑफिसातल्या माणसाला कोणी समजावून सांगावं लागत नाही. साहेबांनी एकदा जाता जाता म्हटलंही होतं, "तुमचा भाऊ पुढच्या हंगामाला हजर झाला नाही, तर पोराचं कायमचं बघता येईल." मी मान डोलावली. घरी कोणाला सांगितलं नाही.

मग सुदानात एकाच देशाच्या दोन फौजा एकमेकींवर उठल्या. टीव्हीवर राजधानी जळताना दिसायची. धाकटा तिथून लांब, नाईलच्या काठच्या कारखान्याच्या वसाहतीत होता. आधी फोन लागायचा, मग तुटत तुटत लागायचा, मग बंदच झाला. आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून, पुढचा ओटा एकच. संध्याकाळी सगळे ओट्यावर बसायचे आणि माझा फोन मधोमध ठेवायचे, जणू तो कोणीतरी आजारी माणूस आहे. मला बसवत नसे. मी उठून फाटकापर्यंत जायचो, परत यायचो. उसाच्या गाड्या बंद, कारखाना बंद, मे महिन्याचा रस्ता नुसता पांढरा. आई म्हणायची, "आरं, बस की बूड टेकून. तुझ्या चालण्यानं त्याचा फोन लागनार हाय का?"

एके दिवशी अनोळखी नंबरवरून एका कागदाचा फोटो आला. धाकट्याचं अक्षर. वर नेहमीसारखं 'जयभीम'.

तो कागद आला कसा, ते सांगितलं पाहिजे. समुद्राकाठच्या बंदराच्या गावात नेट होतं. तिथं पळून आलेला एक गुजराती व्यापारी होता. धाकट्याच्या कारखान्यातली मळी वाहणारा एक टँकरवाला अधूनमधून त्या गावाला जायचा. तो कागद घेऊन जाई, व्यापारी फोटो काढून घरोघर पाठवी. घरच्यांनी उत्तराचा फोटो पाठवला की त्याची छापील प्रत टँकरवाल्याबरोबर परत जाई. नाक्यानाक्यावर झडती व्हायची. जास्त कागद सापडले की टँकरवाल्याची धडगत नसे. म्हणून व्यापाऱ्यानं आवाज रेकॉर्ड करून बजावलं होतं, "एक घर, एक कागज. एक ही बाजू. साफ लिखना, भाई."

धाकट्यानं काय लिहावं? गोळीबार लांबून ऐकू येतो, पीठ मिळतं, ज्वारीच्या पातळ पोळ्या खातो, हे चार ओळींत. बाकी निम्मा कागद पॅनवर. वीज गेली तेव्हा पॅनमध्ये माल शिजत होता, तो आतच थिजून दगड झालाय, आता तो कोण फोडणार, आतल्या नळ्यांचं काय होणार. आई ऐकून म्हणाली, "मेल्याला जिवाचं सोडून भांड्याचं पडलंय." आणि सगळे हसलो. किती दिवसांनी.

पण शेवटचा मजकूर हसण्यासारखा नव्हता. आपल्या माणसांना बाहेर काढायला बस येणार आहे म्हणतात, असं त्यानं लिहिलं होतं. रस्ता लांबचा, मधे दोन्ही फौजांचे नाके. कंपनी म्हणते, यंत्रांजवळ जाणती माणसं हवीत, थांबा, पगार चालू राहील. 'मला काही सुचत नाही. दादा, तू आणि ती, दोघं सांगाल तसं करतो.'

ती म्हणजे माझी भावजय.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर उत्तर लिहायला बसलो. वडील असल्यापासून आमच्याकडं पत्राची एक रीत. सगळ्या घराचं पत्र एकच, सुरुवात थोरल्यानं करायची, मग आई, मग बाकीचे, शेवटी जिचं माणूस लांब आहे तिनं. शेवटची जागा तिची, कारण वाचणाऱ्याच्या मनात शेवटचं राहतं, असं वडील म्हणत. मी लिहायला लागलो आणि लिहीतच गेलो. रस्ता धोक्याचा आहे. घाई करू नकोस. बसवर गोळीबार झाल्याचं ऐकतो. वसाहतीत चार माणसं सोबत आहेत, थांबणं बरं. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. बातम्यांत तसं सांगतही होते.

आमची ही आतून म्हणाली, "पेन हातात आला की यांना सगळ्या कामगारांची हजेरीच लिहायची असती. दुसऱ्याला जागा ठेवा."

आईच्या ओळी पुतणीनं लिहिल्या. ती तेव्हा दहावीची परीक्षा देऊन बसलेली. आई सांगत होती, "लिही, पोटभर खा. पानी उकळून पी. यायचं का थांबायचं ते मला काय कळतंय, तुजी बायकू आन भाऊ सांगत्याल तसं कर."

मग कागद भावजयीकडं गेला. तिनं तो खालून वर बघितला. "दादा, तुमी सगळा कागद खाल्ला की. मला काय, समासात लिहू?"

"बारीक अक्षरात लिही," मी म्हणालो.

"बारीकच लिहिते. माझं काय लांबण न्हाई."

तिनं गुडघ्यावर पाटी ठेवली, त्यावर कागद, आणि न थांबता लिहिलं. साडेतीन ओळी. लिहून झाल्यावर वाचल्यासुद्धा नाहीत, माझ्या हातात दिल्या. मी वाचल्या. 'बस आली की बसा. कंपनीचं ऐकू नका, दादांचंही ऐकू नका, ते भित्रे आहेत. इथली जागा गेली तर जाऊ द्या, आपण दोघं रसवंती टाकू. पण मला तुम्ही इथं पाहिजे आहात.'

दहा लोकांच्या पुढं आपल्या नवऱ्याचं नाव न घेणारी बाई. तिनं हे माझ्या हातून जाणाऱ्या कागदावर लिहिलं. माझ्यावर विश्वास होता म्हणूनच.

फोटो मी फाटकाजवळ उभं राहून काढला. उजेड चांगला होता. फोनमध्ये कागदाभोवती चौकट येते, तिच्या कडा बोटानं सरकवता येतात. शेवटची ओळ जरा तिरकी गेली होती, ती नीट बसवायला म्हणून मी खालच्या कडेवर अंगठा ठेवला आणि वर ओढला. आईच्या ओळींखाली आणून सोडला. बघितलं. पत्र तिथं संपल्यासारखं दिसत होतं. आणि पाठवून दिलं.

मी ठरवून केलं का? तेव्हापासून स्वतःला हेच विचारतोय, आणि उत्तर टाळता येत नाही. अंगठा वर जात असताना डोळ्यांपुढं माझा मुलगा होता, पॅन हाऊसच्या जिन्यावर, नवीन बूट घातलेला. भाऊ नव्हता. हे ठरवणंच झालं.

ओट्यावर परत आलो तर भावजयीनं विचारलं, "गेलं?"

"गेलं."

"सगळं नीट दिसतंय ना?"

"दिसतंय."

कागद मी खिशात घातला. तो शर्ट धुण्यात गेला आणि आमची ही दोन दिवस कपड्यांवरचा लगदा निपटत मला बोलत राहिली.

बस आली. धाकटा बसला नाही.

हे आम्हांला कळायला बरेच दिवस गेले. पुढचा कागद आला तो आईच्या आणि माझ्या नावानं. थांबलो आहे, ठीक आहे, पोरीला म्हणावं अभ्यास कर. मी मोठ्यानं वाचत होतो. भावजय दाराला टेकून उभी. वाचून संपलं तरी ती तशीच उभी राहिली.

"माझ्यासाठी काय?"

"घाईत लिहिलेलं दिसतंय," मी म्हणालो.

"भांड्याविषयी लिहायला वेळ असतो त्यांना," ती म्हणाली आणि आत गेली. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी फोन चार्जिंगला लावला.

त्यानंतर कागद आले नाहीत. लढाई त्या बाजूला सरकली. टँकरवाल्याचं काय झालं ते व्यापाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. पावसाळा गेला, बॉयलर पेटला, गळीत सुरू झालं. ऑफिसात माझी चूक कधी होत नसे, ती व्हायला लागली. एकदा तर हजर माणसाला गैरहजर मांडलं. पॅन हाऊसचा जिना दिसला की मी वळसा घालून जायचो. जेवताना घास तोंडात घोळत राही. ही म्हणायची, "भावाचा घोर घेतलाय यांनी." लोक माझ्याकडं बघून हळहळायचे. ती हळहळ मी घेत गेलो.

दर रविवारी विहारात वंदनेला जायचो. पंचशील म्हणताना खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याची ओळ येते. माझा आवाज तिथं कधी अडला नाही. मी खोटं बोललोच कुठं? एक अक्षर खोटं लिहिलं नाही. नुसता फोटो लहान झाला. असा हिशेब मी पालीतून म्हणता म्हणता मनात करत असे.

मग मुलगा कायम झाला. पेढे आणले. मला ते ओट्यावर वाटायचे नव्हते, पण मुलानं पहिला पेढा काकूकडंच नेला. ती उठली, पेढा मोडला आणि अर्धा त्याच्या तोंडात घातला. "आता काका आले की त्यांच्या हाताखाली शीक," म्हणाली. "ते शिव्या घालत्याल, पन काम शिकवत्याल." मुलगा हसला. मी उठून फाटकाकडं गेलो. पाठीमागून आई म्हणाली, "ह्याचं परत सुरू झालं चालणं."

धाकटा वर्ष उलटून गेल्यावर आला. कारखाना लुटला गेला, वसाहत पेटली. ही मंडळी कधी पायी, कधी शेळ्यांच्या ट्रकमधून असं करत बंदराला पोचली होती. पुण्याहून टेम्पोनं त्याला आणला तेव्हा मी आधी त्याला ओळखलंच नाही. डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि हात काढेचना. भावजयीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी आणून दिलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. मला वाटलं, माणसांसमोर लाजतात.

पण ते तसंच चाललं. ती ताट वाढायची, तो जेवायचा. काही हवं असलं तर तो पोरीला सांगायचा. एक दिवस मी आणि तो ओट्यावर होतो. तो आपणहून बोलला.

"दादा, तो कागद मी लई दिवस जवळ ठेवला. पार फाटला. सगळ्यांनी लिहिलं. आईच्या ओळी पोरीनं लिहिल्या, म्हंजे ही तिथंच असनार. एक ओळ लिहू न्हाई वाटली तिला?"

मी त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसलो होतो.

"तू थांब म्हनालास," तो पुढं म्हणाला, "ती काहीच म्हनाली न्हाई. म्हटलं, माजी कुनाला घाई न्हाई. बस दारातनं गेली. डायवर हात करीत हुता."

त्या वेळीसुद्धा मी एवढंच म्हणालो, "जेवायला चल."

काही दिवसांनी आमच्या हिनं मला सांगितलं की भावजय पोरीला घेऊन माहेरी, तिसगावला जाणार आहे. तिच्या भावानं बाजारपेठेत शिवणकामाला गाळा बघितलाय. सणाला जातात तसं जाणं नव्हतं. ही म्हणाली, "ती म्हणती, मला ते इथं पाहिजेत म्हणून लिहिलं, ते आले न्हाईत, वर एका शब्दानं उत्तर न्हाई. आता मी काय तोंड घेऊन शेजारी बसू?" आणि मग ही माझ्याकडं बघत राहिली. "तुम्ही काही बोला की त्या दोघांशी. तुम्ही थोरले."

बोललो. ज्या सकाळी ती कपड्यांची पिशवी भरत होती, त्या सकाळी. धाकटा दारात पेपर घेऊन बसलेला, आई आत. मी म्हणालो, "हिनं लिहिलं होतं. मी कापलं." नीट जमलं नाही, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. फोटो, चौकट, अंगठा. साहेब काय म्हणाले होते तेही सांगितलं. मुलाच्या जागेचंही सांगितलं.

धाकट्यानं पेपर खाली ठेवला. मला वाटलं, मारेल. मारावं असंही वाटलं. तो म्हणाला, "काय लिहिलं हुतं?"

मला पाठच होतं. "बस आली की..." मी सुरू केलं.

"तुमी नका म्हनू," भावजय मागून म्हणाली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी त्या आवाजात कधी बोलली नव्हती. "माजं हाय ते. तुमी बाहेर जावा."

मी बाहेर आलो. दार लोटलं गेलं. आत किती वेळ काय झालं ते मला माहीत नाही आणि विचारायची मला सोयही नाही. एकदा धाकट्याचा हुंदका ऐकू आला, किंवा खुर्ची सरकली असेल.

ती दोघं मिळून तिसगावला गेली. कारखान्यातली जागा धाकट्यानं मागितली नाही. मी साहेबांकडं जातो म्हणालो तर त्यानं हात जोडले. कुणावर उपकार म्हणून नव्हे, आता नको एवढ्याच अर्थानं. माझ्या मुलाला सगळं मी सांगितलं. तो ऐकून कामावर गेला. त्या दिवसापासून घरात माझ्याशी कामापुरतं बोलतो, आणि जागा काही सोडलेली नाही. ते मला समजतं.

आई राहिली होती माझ्याजवळ. थोड्या दिवसांनी तिनं लुगडी गाठोड्यात बांधली. "मला तिसगावला घाल."

"आई, इथं काय कमी आहे?"

"कमी न्हाई," ती म्हणाली. "पन माज्या वळी बी त्याच कागदावर हुत्या ना? म्या सांगितलेल्या वळींवर तू कागद संपवलास. म्या सांगितलं हुतं, दोघं सांगत्याल तसं कर. दोघं." रस्ताभर गाडीत बाहेर बघत बसली.

तिसगावात बाजाराचा दिवस होता. गाडी लांब लावून गाठोडं घेऊन चालत गेलो. भावजय शिलाई मशीनवरून उठली, आईचा हात धरून तिला आत नेलं. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "दादा, पाणी." तांब्या हातात दिला. दारात आलेल्याला पाणी द्यायचं, ते तिनं दिलं. चहाचं विचारलं नाही. मी सगळा तांब्या प्यालो.

धाकटा टेम्पोत कांद्याच्या गोण्या चढवत होता. जवळ आला, हात झटकले. त्याचा ऐकू येणारा कान माझ्याकडं करून म्हणाला, "पोराची नोकरी बरी चाललीय ना?"

खोच होती की विचारपूस, मला कळलं नाही. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. तिथंही कळलं नाही.

"चाललीय," म्हणालो.

"बरं," तो म्हणाला, आणि पुढची गोणी उचलायला वळला. आईचा आवाज आतून येत होता, सुनेला काहीतरी सांगत होती. मला हाक मारेल म्हणून मी थोडा वेळ थांबलो. मग गाडी जिथं लावली होती तिकडं निघालो.